करडईचे तेल, मधुमेह आणि रक्तातील मेद

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारीच्या कडेने करडई पेरण्याची रीत जुनी आहे. तिच्या काट्यांमुळे मोकाट जनावरे पिकात शिरत नाहीत, कोवळ्या पानांची भाजी होते आणि बियांचे तेल घरात येते. मुळे खोल जात असल्याने जमिनीतील ओलीवरही हे पीक तग धरते. पुढे सोयाबीनचा विस्तार झाला आणि लातूरची बाजारपेठ त्यासाठी नावाजली. करडईचे क्षेत्र मात्र घटत गेले, लाकडी घाणे मागे पडले आणि घरोघरी डब्यातले व पिशवीतले तेल आले.

आज मधुमेह हा केवळ शहरी सुखवस्तूंचा रोग राहिलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. दर पाच प्रौढांपैकी चौघांच्या रक्तातील मेदाचे प्रमाण कोणत्या ना कोणत्या बाबतीत योग्य मर्यादेबाहेर आहे, असेही या पाहणीत आढळले. त्यामुळे कोणते तेल खावे आणि किती खावे, हा प्रश्न गावोगावच्या कुटुंबांपुढे उभा आहे.

मेद का बिघडतो?

इन्सुलिनचे काम केवळ साखरेपुरते नसते. शरीरातील चरबीचा साठा जागच्या जागी राखण्याचे कामही ते करते. इन्सुलिन अपुरे पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की साठ्यातील मेदाम्ले रक्तात सुटतात. यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइड तयार करून पुन्हा रक्तात सोडते. परिणामी ट्रायग्लिसराइड वाढते, हितकारक मानले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल घटते, आणि अपायकारक एलडीएलचे कण लहान व घट्ट बनून रक्तवाहिन्यांच्या भिंतींना अधिक बाधतात. मधुमेहींना हृदयविकाराचा धोका अधिक असतो, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. साखर, मैदा व मद्य यांनीही ट्रायग्लिसराइड वाढते. म्हणून केवळ तेल बदलून हा प्रश्न सुटत नाही.

तेलातेलांतील भेद

डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलविरहित’ या शब्दाने अनेकजण आश्वस्त होतात. वास्तविक कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. पाहावयाचे असते ते मेदाम्लांचे स्वरूप. संपृक्त मेदाम्ले एलडीएल वाढवितात. त्यांचे प्रमाण खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के आणि पाम तेलात जवळपास ५० टक्के असते. करडईत मात्र ते १० टक्क्यांच्या आसपास असते. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असते. शेंगदाणा तेलात ओलेइक आम्ल अधिक असते. सोयाबीन व जवस यांतून ओमेगा-३ गटातील मेदाम्ल मिळते. जवसात ते विशेष विपुल असते. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद सर्वांत घातक. तो एलडीएल वाढवितो आणि एचडीएल घटवितो. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची कमाल मर्यादा घालण्यात आली आहे.

प्रयोगांचा कौल

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात लठ्ठ, मधुमेही व ऋतुनिवृत्त स्त्रियांना १६ आठवडे रोज ८ ग्रॅम करडई तेल देण्यात आले. पोटाभोवतीची चरबी काहीशी घटली, एचडीएल वाढले आणि रक्तातील साखरेची सरासरी सुधारली, असे २००९ व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालांत नमूद आहे. प्रयोग लहान होता. परंतु ८ ग्रॅम म्हणजे दोन चमच्यांहूनही कमी तेल, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

दुसरा अनुभव सावध करणारा आहे. १९६६ ते १९७३ या काळात सिडनी येथे हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यांतील एका गटाच्या आहारात संपृक्त मेदाऐवजी करडई तेल व त्यापासून केलेले मार्गारिन भरपूर प्रमाणात देण्यात आले. कोलेस्टेरॉल उतरले, पण त्या गटात मृत्यू अधिक झाले. २०१३ साली जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर हेच दिसून आले. तात्पर्य, कोणतेही एकच तेल अमर्याद खाणे हिताचे नाही. करडईस शेंगदाणा किंवा सोयाबीन तेलाची जोड द्यावी आणि जेवणात जवसाची चटणी असावी, हे अधिक शहाणपणाचे.

मापाचा प्रश्न

कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमातून सुमारे ९ उष्मांक मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला २५ ग्रॅम व स्त्रीस २० ग्रॅम तेल-तूप पुरेसे मानले आहे. शेतात राबणाऱ्यांना काहीसे अधिक चालते. या हिशेबाने दोन पुरुष व दोन स्त्रिया असलेल्या घरास महिन्याला २ किलो ७०० ग्रॅम पुरावे. महिन्याचे तेल मोजून वेगळे काढले, तर खर्च व आरोग्य दोन्ही सांभाळले जाते. करडईचे तेल उष्णतेने लवकर बिघडते. ते फोडणीस चालते, वारंवार तळणास नव्हे. तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापविणे टाळावे.

शाळेच्या माध्यान्ह भोजनात प्राथमिक वर्गातील मुलास ५ ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलास साडेसात ग्रॅम तेल ठरवून दिलेले आहे. शाळेच्या चुलीवर जे माप पाळले जाते, ते घरच्या चुलीवरही यावे, हे शिक्षकांना मुलांमार्फत सहज पटविता येईल.

गावाने काय करावे?

तिशी ओलांडलेल्यांची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी आरोग्य उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत केली जाते. ग्रामसभेत तिची माहिती द्यावी आणि आशा कार्यकर्तीच्या साह्याने प्रत्येकाची तपासणी होईल असे पाहावे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षातून एकदा तरी रक्तातील मेदाची तपासणी करून घ्यावी. सर्वसाधारणपणे एलडीएल १०० व ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅमच्या आत असावे. एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या वर असावे. तेल बदलले म्हणून गोळ्या बंद करणे हा मात्र जिवाशी खेळ ठरेल.

करडईच्या सुधारित वाणांवर परभणीच्या कृषी विद्यापीठात काम झाले आहे आणि लातूर येथे गळीतधान्य संशोधन केंद्र आहे. ज्वारीच्या कडेने पुन्हा करडईची चार तासे पडली, तर घरचे तेल घरी येईल. ते औषध नव्हे. पण मापाने वापरल्यास औषधाला साथ देणारे अन्न निश्चितच आहे.