निम्मे पाणी

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात जोशुआ ट्री नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. मिनर्व्हा हॉइट या बाईंच्या खटपटीने १९३६ साली हा वाळवंटी प्रदेश संरक्षित झाला व १९९४ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथे आम्ही एका शनिवारी तंबू ठोकून मुक्काम केला. उद्यानाच्या अंतर्भागात पिण्याचे पाणी मिळत नाही; सबब माणशी दररोज निदान चार लिटर पाणी बरोबर न्यावे लागते.

रविवारी आम्ही रायन पर्वत चढू लागलो. शिखर डोळ्यांपुढे दिसत असतानाच आमचे निम्मे पाणी संपले. मन पुढे ओढीत होते. परंतु निम्मे पाणी संपताच मागे फिरावे, हा वाळवंटातील नियम होय. आम्ही फिरलो. परतताना ऊन इतके तापले की, उरलेले पाणी तंबूपर्यंत जेमतेम पुरले.

तंबूजवळ जोशुआ वृक्ष उभे होते. एक चिमुकला पतंग त्यांच्या फुलांत पराग पोहोचवितो व तेथेच अंडी घालतो. त्याच्या अळ्या काही बिया खातात, पण पुष्कळशा शिल्लक राहतात. त्यांतूनच नवे वृक्ष उगवतात.

विद्यार्थिमित्रहो, शिखर पुढल्या खेपेसही तेथेच असेल. शिल्लक राखून मागे फिरणे हा भित्रेपणा नव्हे. पुन्हा येण्याची ती तयारी होय.