हृदयरोग, भीती आणि हलक्या हाताची मालीश

अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊन आजोबा घरी येतात. रिपोर्ट चांगले असतात, औषधे चालू असतात, तरी रात्री छातीत जरा चमकले की ते उठून बसतात. जिना नको म्हणतात, एकटे राहायला घाबरतात. घरच्यांना वाटते, आता कसली भीती? पण हृदयरोग्यांमध्ये ही चिंता पुष्कळ आढळते आणि तिच्यापायी झोप, फिरणे, कधी कधी औषधेसुद्धा सुटतात. म्हणून या अंकात आम्ही मालिशीचा विषय घेतला आहे.

माणूस घाबरला की अनुकंपी चेतासंस्था जागी होते, ॲड्रेनॅलिन स्रवते आणि ठोके वाढतात. रोग्याला ते ठोके जाणवतात आणि तो आणखी घाबरतो. परानुकंपी चेतासंस्था याच्या उलट, शरीर शांत करण्याचे काम करते. संथ, प्रेमळ स्पर्शाने तिला वाव मिळतो. आपल्या त्वचेत, जिथे लव असते तिथे, असा स्पर्श टिपणारे खास चेतातंतू असतात. सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर सरकणारा हात त्यांना मानवतो. म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत २४ सेंटिमीटर अंतर असेल, तर हात न्यायला ८ सेकंद लागले पाहिजेत. विद्यार्थ्यांनी पट्टी आणि घड्याळ घेऊन हे करून पाहावे. आपण किती घाई करतो ते लगेच कळेल.

आता पुराव्याविषयी. मेलबर्नमध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १५२ रोग्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. काहींना मालीश दिली, बाकीच्यांना तेवढाच वेळ नुसती विश्रांती. मालीश मिळालेल्यांची वेदना, चिंता आणि स्नायूंचा ताण अधिक कमी झाला. रक्तदाब आणि ठोके यांत मात्र दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. त्याआधी २००९ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या २५२ रोग्यांच्या अभ्यासात तर चिंतेतही ठळक फरक आढळला नव्हता. तेव्हा मालीश हा दिलासा आहे, तो अनेकांना मिळतो, सर्वांना नाही. आणि धमनीतला अडथळा त्याने निघत नाही. तेलाने ब्लॉकेज विरघळते असे सांगणाऱ्यांवर पालकांनी विश्वास ठेवू नये.

बडोद्याला आखाड्यांची परंपरा मोठी, त्यामुळे मालीश म्हटले की आपल्याला पैलवानाची रगड आठवते. ती इथे मुळीच नको. हात, पंजे, खांदे आणि पावले एवढेच धरावे. बसवून किंवा उशीला टेकवून, रोज १०-१५ मिनिटे पुरेत. डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर थोड्या दाबानेही काळेनिळे डाग पडतात. बायपासनंतर छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने लागू शकतात. तोवर छातीला हात लावू नये. ज्या पायातून शीर काढली असेल त्या पायालाही नाही. पेसमेकरची जागा सोडावी. मानेच्या दोन्ही बाजू कधीही दाबू नयेत. तिथल्या दाबाने ठोके एकदम मंदावून चक्कर येऊ शकते. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळणे धोक्याचे, आत रक्ताची गुठळी असू शकते.

छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर "घाबरले असतील" म्हणून चोळत बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा.

तेल तिळाचे किंवा खोबरेल, कोमट, आणि आपल्या मनगटावर तपासून. मधुमेहामुळे तळवे बधिर झाले असतील तर काशाची वाटी न वापरता नुसत्या हातानेच चोळावे आणि कुठे जखम नाही ना तेही पाहून घ्यावे. बोलायचे की गप्प राहायचे, ते आजी-आजोबांनी ठरवावे. शेवटी तळव्यांचे तेल पंचाने चांगले पुसून काढावे, नाहीतर रात्री बाथरूमला जाताना फरशीवरून पाय घसरायचा.