पायांपासून आरंभ

अमेरिकेतील बॉस्टन शहरी हिवाळा फार कडक असतो. ज्यांस घर नाही, त्यांचे पाय दिवसभर चालून व उभे राहून सुजतात. १९८५ साली जिम ओकॉनेल हे तरुण डॉक्टर तेथील बेघरांच्या निवाऱ्यात आले. बार्बरा मॅकिनिस या परिचारिकेने त्यांस स्टेथॉस्कोप बाजूस ठेवावयास सांगितले व लोकांचे पाय पाण्यात भिजविण्याचे काम दिले! शिकल्यासवरल्या माणसास हे काम हलके वाटते, तर नवल नव्हते. उपचार नाकारणारा एक वृद्ध कित्येक आठवडे मुकाट्याने पाय भिजवून घेई. अखेर, डॉक्टर असून तुम्ही हे काय करता, असे त्यानेच विचारले. पुढे त्याने आपण होऊन औषध मागितले. वर्षभरासाठी आलेले ओकॉनेल तेथेच राहिले. आजारी बेघरांसाठी नंतर खाटांची सोय झाली. त्या वास्तूस मॅकिनिसबाईंचे नाव आहे.