गिरमिटाच्या पात्याची पारख

पाऊस तोंडावर आला कीं औतांची डागडुजी निघते, आणि लाकडांत भोंकें पाडण्याचीं कामें एकामागून एक उभीं राहतात. जुवांतील भोंक सरळ गेलें नाहीं तर शिवळ तिरपी बसून बैलाची मान घासते. आणि मान आलेला बैल ऐन पेरणींत दावणीला बसला म्हणजे पात्यावर वांचविलेले चार पैसे कोठल्या कोठें जातात. आमच्या घरीं असेंच झालें. सोनेरी रंगाच्या झगझगीत पात्यांचा संच आम्हीं स्वस्त म्हणून आणला. वाळलेल्या बाभळींत तिसऱ्याच भोंकाला धूर निघाला, टोंक निळें पडलें आणि चौथें भोंक वांकडें गेलें. तेव्हांपासून आम्हीं रंग पाहणें सोडलें आहे.

पातें विकत घेतांना प्रथम सपाट कांचेवर लोळवून पहावें. दांडी वांकडी असल्यास खालची फट उघडमीट करते. नंतर टोंक पहावें. मधलें अणकुचीदार टोंक जागा धरतें, कडेचे दोन दांत लाकडाचे तंतू गोल कापतात, आणि मागून येणारी धार आंतील लाकूड उचलते. दोन्ही दांत एका उंचीचे नसले तर एकटा उंच दांतच राबतो व भोंकाची कड फाटते. ज्या पात्याच्या टोंकास मळसूत्र असतें त्याचे आटे बाभळीसारख्या कठीण लाकडास बारीक व मऊ लाकडास मोठे हवेत. चपटीं पातीं स्वस्त पडतात. पण खोल भोंकांत तीं भरकटतात.

पोलादाविषयीं एवढें ध्यानांत ठेवावें. कार्बन पोलाद तापून निळें झालें म्हणजे त्याचें पाणी उतरलें. मग धार लावली तरी टिकत नाहीं. हातानें फिरवावयाच्या गिरमिटास तें पुरतें. विजेच्या यंत्रावर मात्र जास्त उष्णता सोसणारें हायस्पीड पोलाद घ्यावें, आणि पातें जितकें जाड तितकी गति कमी ठेवावी.

खरी परीक्षा दुकानांत होत नाहीं, ती आपल्या लाकडावर होते. बाभळीचा एक ठोकळा घेऊन एकाच माणसाच्या हातून, एकाच खोलीचीं दहा भोंकें पाडावीं व प्रत्येकास किती फेरे लागले तें मोजावें. पहिल्या व दहाव्या भोंकांतील फरक हीच पात्याची किंमत. आमच्या सुताराची नजर तर भोंकापेक्षां खालीं पडणाऱ्या किसाकडे असते. लांब, स्वच्छ कीस निघतो तोंवर पातें कापीत आहे. बारीक काळसर भुसा पडूं लागला कीं तें नुसतें घासत आहे. खोल भोंकांत पातें वरचेवर बाहेर काढून कीस झाडावा, नाहीं तर उत्तम पातेंही तापतें. पलीकडे टोंक दिसतांच थांबून उलट बाजूनें भोंक पुरें करावें. त्यानें पाठीमागची ढलपी उडत नाहीं. पलीकडली कड फाटली म्हणून पात्यास बोल लावणारे पुष्कळ भेटतात, पण तो दोष बहुधा हाताचा असतो.

धार बोथटल्यावर बारीक कानस चालवावी, ती दांतांच्या आंतल्या अंगानेंच. बाहेरून घासल्यास दांतांनीं कापलेलें वर्तुळ पात्याच्या अंगापेक्षां लहान पडतें, आणि पातें स्वतःच्याच भोंकांत अडकूं लागतें.