पिकअपचे स्टिअरिंग ढिले झाले म्हणजे



बेळगाव-खानापूरकडची भाजी पिकअपमध्ये भरून चोर्ला घाटाने गोव्याला जाते. गाडीच्या इंजिनाची आपण काळजी घेतो. पण इंजिन बंद पडले तर गाडी उभी राहते, एवढेच. पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट निसटला किंवा टाय रॉडचे टोक सुटले, तर चाक आपल्या मनाने वळते आणि उतारावर गाडी रस्त्यावर राहील याचा भरवसा उरत नाही.

टाय रॉड ही स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारी दांडी. तिच्या टोकाला वाटीत बसवलेला पोलादी गोळा असतो, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा. बॉल जॉइंट त्याच जातीचा. त्याच्यामुळे चाक वळते आणि खड्ड्यात वर-खाली होते. दोहोंवर रबरी टोपी व आत ग्रीस असते. टोपी फाटली की चिखलाचे पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन निघते आणि वाळू पोलाद खाऊ लागते. सरळ आसाच्या, कमान पाट्यांच्या गाड्यांत बॉल जॉइंटच्या जागी बहुधा किंग पिन असते. तिला वेळच्या वेळी ग्रीसगनने ग्रीस दिले, तर ती पुष्कळ टिकते.

झीज आधी कळते. खड्ड्यात पुढून टकटक येते, स्टिअरिंग थोडे फिरवले तरी चाक हलत नाही, टायर एकाच कडेने झिजतो. अशा वेळी गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावून मागच्या चाकांना अडण द्यावी. एकाने स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने टाय रॉडच्या सांध्यावर हात ठेवावा. दांडी आधी हलून चाक मागून हलत असेल, तर सांधा गेला. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंग पिनचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. लोखंडी घोडी लावावी. विटा रचू नयेत, त्या फुटतात.

टाय रॉडचे टोक सवय असलेला माणूस घरी बदलू शकतो. जुने टोक काढताना ते किती फेऱ्यांत सुटले हे मोजून ठेवावे आणि नवे तितक्याच फेऱ्यांत बसवावे. काही दांड्यांना एका बाजूस उलटे आटे असतात, तेव्हा जोर लावण्यापूर्वी पाहून घ्यावे. बॉल जॉइंटचे काम मात्र मिस्त्रीकडेच द्यावे. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत खालचा आर्म सोडताना दाबलेली स्प्रिंग उसळली, तर हात जायबंदी होतो. झिजलेला सांधा वेल्डिंग करून चालवणे हा तर शुद्ध वेडेपणा. एका बाजूचा भाग गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही तपासावा. दोन्ही बहुधा एकाच वयाचे असतात.

माझ्या वापरातल्या पिकअपला एका गॅरेजात नवी टोके बसवली होती. आठ दिवसांनी पुन्हा टकटक आली म्हणून वाकून पाहिले, तर खाचांच्या नटात स्प्लिट पिनच नव्हती आणि नट कितीतरी आटे सैल झाला होता. आदल्याच दिवशी मी घाट उतरून आलो होतो. तेव्हापासून पैसे देण्याआधी मी स्वतः बॅटरी घेऊन खाली पाहतो. मिस्त्री हसतात, हसू देत. पिन दर वेळी नवी घालावी. पिनेचे भोक नटाच्या खाचेशी जुळत नसेल तर नट किंचित आणखी आवळावा, सैल करू नये.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावीच. फेऱ्या मोजल्या तरी चाकांचा कोन थोडा चुकतोच, आणि नवे टायर महिन्या-दोन महिन्यांत कडेने खाल्ले गेले म्हणजे वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त खर्च होतो. अलाइनमेंटनंतर टाय रॉडचा चेकनट आवळला आहे की नाही, तेही तेथेच पाहून घ्यावे.