फोरहँड फेक इतकी लांब का जाते?
(इयत्ता ४ थी व ५ वी – खेळ, गणित आणि परिसर अभ्यास एकत्र)



आज जरा वेगळा घटक घेतेय. डिस्क गोल्फ. नाव वाचून कुणी म्हणेल, "बाई, आपल्या महाड-पोलादपुरात गोल्फ कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. हा खेळ आपल्याकडे नाही. पण या खेळातली एक फेक आपल्या मुलांना आधीपासून येते, आणि तिच्यातून शिकवण्यासारखं भरपूर आहे, म्हणून हा लेख.

आधी खेळ समजून घेऊ. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारत खड्ड्यापर्यंत न्यायचा असतो. डिस्क गोल्फमध्ये चेंडूऐवजी प्लॅस्टिकची तबकडी आणि खड्ड्याऐवजी खांबाला बसवलेली, साखळ्या लोंबणारी टोपली. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत घालायची. अमेरिकेत १९७६ साली या खेळाच्या व्यावसायिक खेळाडूंची संघटना झाली, आणि आज तिथे यावर पोट भरणारे खेळाडू आहेत.

तबकडी फेकायच्या मुख्य पद्धती दोन. पत्ते वाटताना हात छातीकडून बाहेर जातो, तसा हात गेला की बॅकहँड. आणि हात अंगाच्या बाजूला मागे नेऊन, तळवा आभाळाकडे ठेवून, मनगटाच्या झटक्याने पुढे सोडली की फोरहँड. आता सावित्रीच्या काठावर उन्हाळ्यात पोरं काय करतात ते आठवा. चपटा गुळगुळीत दगड शोधायचा, कमरेतून थोडं वाकायचं, हात बाजूने आणायचा आणि दगड पाण्यावर आडवा सोडायचा. टप, टप, टप करत दगड पलीकडे. हात बाजूने येतो, कोपर आधी येतं, मनगट शेवटी सुटतं, दगड स्वतःभोवती फिरत जातो. ही फोरहँडच आहे. उजव्या हाताने फेकलेला दगड आणि तबकडी दोन्ही वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला फिरतात.

पाण्यावरच्या टप्प्यांचा अभ्यास शास्त्रज्ञांनीही केलाय बरं का. २००४ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की दगड पाण्याशी साधारण २० अंशांचा कोन करून आदळला तर टप्पे सर्वांत चांगले पडतात. अमेरिकेच्या कर्ट स्टायनर यांनी २०१३ मध्ये एकाच फेकीत ८८ टप्पे काढले. वर्गात हा आकडा सांगा आणि चेहरे बघा.

किती लांब?

या खेळातली माणसं अंतर फुटांत सांगतात. चांगल्या व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या फोरहँडची खूण म्हणजे ४०० फूट. मुलांकडून मीटर करून घ्या. १ फूट म्हणजे ३०.४८ सेंमी, म्हणून ४०० फूट म्हणजे १२१.९२ मीटर. नुसता आकडा मुलांना कळत नाही. आपल्या रायगडच्या मुलांना कबड्डीचं मैदान कळतं. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब असतं. अशी नऊ मैदानं एकापुढे एक आखली, तरी तबकडी नवव्याच्या पुढे जाऊन पडेल. ईगल मॅकमाहन हे फोरहँडसाठी नावाजलेले खेळाडू. महिलांमध्ये होलिन हँडली यांची फोरहँड तशीच जोरदार.

खरं सांगायचं तर सगळ्यात लांब फेकीचा विक्रम फोरहँडचा नाही. २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांनी नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटर तबकडी फेकली, ती बॅकहँडने, आणि पाठीमागून जोराचा वारा घेऊन. बॅकहँडमध्ये हाताला ओढायला जास्त जागा मिळते, तबकडीला गरकाही जास्त बसतो. मग फोरहँड कशाला? कारण ती शेवटी उलट बाजूला वळते, फेकताना नजर समोरच राहते, आणि अडचणीच्या जागेत दोन पावलांतही टाकता येते. आपल्या वाड्यांवरच्या शाळांना ही शेवटची गोष्ट लगेच पटेल. आपल्याकडे सपाट जागाच कुठे आहे?

चेंडू आणि तबकडी

घटकाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

क्रिकेटच्या चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम असतं. डिस्क गोल्फच्या नियमात तबकडीच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम वजन चालतं. व्यास २१ सेंमी असेल तर किती? २१ × ८.३ = १७४.३ ग्रॅम. म्हणजे वजनात दोघांत फार फरक नाही, तबकडीच थोडी जड असू शकते.

आता वेग. आघाडीच्या खेळाडूंच्या हातातून तबकडी ताशी १०० किलोमीटरच्या वर वेगाने सुटते. हिशोबाला सोपं म्हणून ताशी १०८ किलोमीटर धरू, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. एवढ्याच वेगाने चेंडू ४५ अंशांत वर फेकला आणि हवा अजिबात नाही असं मानलं, तर तो किती लांब जाईल? वेगाचा वर्ग भागिले ९.८. ९०० भागिले ९.८ म्हणजे जवळजवळ ९२ मीटर. प्रत्यक्षात हवा अडवते, म्हणून त्याहूनही कमी. (हे सूत्र आपल्या मुलांना द्यायचं नाही. तुमच्या-माझ्यासाठी आहे.) आणि तबकडी मात्र १२० मीटरच्या पलीकडे.

चेंडूचा हवा फक्त विरोध करते. तबकडीला तीच हवा आधार देते. तबकडी हवेला खाली ढकलत जाते आणि हवा तिला वर उचलून धरते. घार पंख न हलवता दरीवर कशी तरंगते, आंबेनळी घाटात मुलांनी शंभरदा पाहिलंय. तेच.

पण एक अडचण आहे. रंगाच्या बादलीचं झाकण न फिरवता नुसतं ढकलून बघा, चार हातांवर उलटून पडतं. म्हणून फिरकी लागते. इथे भोवरा काढा. फिरणारा भोवरा आरीवर उभा राहतो, न फिरणारा आडवा होतो. फिरकी तबकडीला तशीच सपाट धरून ठेवते. आणि भोवरा मंदावला की जसा डोलतो, कलतो, तशी तबकडीही वेग कमी झाला की एका बाजूला कलते. उजव्या हाताची फोरहँड शेवटी उजवीकडे वळते, बॅकहँड डावीकडे. डावखुऱ्याचं सगळं उलट. मुलांना आधी सांगू नका. दोन्ही फेकी करून दाखवा आणि विचारा, "कुठे वळली?"

ताकद कुठून येते

मुलांचा, आणि पालकांचाही, समज असतो की दंड जाडजूड असला की फेक लांब जाते. गोळाफेकीत अंगाचं वजन आणि ताकद नक्कीच लागते. तबकडीचं तसं नाही. आसूड आठवा. मूठ हळू फिरते, पण वादीचं टोक सणकन जातं. फोरहँडमध्ये पाय, कंबर, खांदा, कोपर आणि मग मनगट असा वेग पुढे पुढे सरकत येतो आणि शेवटी बोटांतून सुटतो. मधलाच एखादा सांधा आधी सुटला की जोर वाया. खूप ताकद लावणारा मुलगा बहुतेक वेळा मूठ आवळून ठेवतो, मनगट आखडतं, तबकडी डगमगत जाते आणि लवकर बसते. बारीक अंगाची, सैल मनगटाची मुलगी त्याच्या पुढे टाकते. हे वर्गात घडतं तेव्हा मध्ये बोलू नका. मुलांनाच बघू द्या.

दुसरी गोष्ट कोनाची. चेंडूमुळे "वर फेक, लांब जाईल" हे मुलांच्या डोक्यात पक्कं असतं. तबकडीचं पुढचं टोक वर झालं की हवा तिला समोरून अडवते, ती वर चढते, थबकते आणि मागे घसरते. तळवा वर, बाहेरची कड थोडी खाली, आणि तबकडी जवळजवळ जमिनीला समांतर. तबकडी सुटल्यावर तळवा आभाळाकडेच राहिला का, एवढंच तपासा. मनगट पालथं पडलं तर तबकडी उलटते.

घ्यायचं कसं

साहित्य विकत आणायची गरज नाही. रंगाच्या लहान बादलीची झाकणं चालतात. कड धारदार असेल तर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवा, थोडं वजनही येतं. जागा म्हणून कापणीनंतरचं भाताचं खाचर उत्तम. मात्र मालकाला विचारूनच. आपल्याकडे भातानंतर लगेच वाल पेरतात, पेरलेल्या शेतात पोरं नाचली तर गावभर बोलणी खावी लागतील. धसकटं पायाला लागतात, म्हणून अनवाणी नको. फेकणाऱ्याच्या पुढे आणि बाजूला कुणी उभं राहायचं नाही. नवशिकी फोरहँड कुठेही जाते.

नदीवर मुलांना न्यायचं नाही. टप्प्यांची गोष्ट बोलण्यापुरती. सावित्रीचे डोह वरून शांत दिसतात.

आणि कोपर. फोरहँडमध्ये कोपराच्या आतल्या बाजूवर ताण येतो. वाढत्या वयात तिथली हाडं पक्की झालेली नसतात. एका तासात प्रत्येकाला दहा-बारा फेकी पुरे, त्यातल्या जोराच्या तीनच, मोजायच्या. आधी हात-खांदे मोकळे करून घ्या. "बाई, कोपर दुखतं" म्हटलं की त्या दिवशी फेक बंद, "काही होत नाही" म्हणायचं नाही. व्यावसायिक फेकीचे व्हिडिओ बघून पोरं घरी शंभर-शंभर फेकी करतील, ते पालकांच्या कानावर घाला.

मोजायला टेप नसेल तर सुतळीला दर मीटरला गाठ मारा. तीनही फेकी वहीत लिहायच्या, सरासरी काढायची. एकाची तुलना दुसऱ्याशी करायची नाही, मागच्या आठवड्याच्या स्वतःच्या सरासरीशी करायची. पाचवीला आलेख काढता येतो. एक लांब फेक आणि दोन फसलेल्या, किंवा तिन्ही मध्यम, यात चांगलं कोण, यावर माझ्या वर्गात चांगलंच भांडण होतं आणि सरासरीचा धडा आपोआप शिकवला जातो.

हे मला का महत्त्वाचं वाटतं

कबड्डी हा आपला खेळ, त्याबद्दल दुमत नाही. पण कबड्डीला सात जण लागतात. पोलादपूर तालुक्यात वाडीवरच्या शाळा कमी पटाच्या. आई-बाप कामाला मुंबईला गेले की मुलंही जातात, पट आणखी खाली येतो. चौथीत दोन, तिसरीत एक, त्यातही मुली जास्त. अशा शाळेचा संघ होत नाही. मग क्रीडास्पर्धांच्या दिवसांत ही मुलं कडेला बसून टाळ्या वाजवतात. फेकीला एकच मूल पुरतं. एकच हातही पुरतो. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारी यांचा एक हात लहानपणीच्या अपघातात निकामी झाला. त्यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणलं.

तबकडी आपल्या शालेय स्पर्धांत नाही हे मला माहीत आहे. पण थाळीफेक आहे. त्यातही हात बाजूनेच येतो, फक्त तळवा खाली आणि फिरकी उलट. पायापासून बोटांपर्यंत वेग सरकवायची सवय लागलेलं मूल थाळी लवकर पकडतं. म्हणून तिसरी-चौथीत झाकण, पुढे थाळी, असा क्रम मी धरते. निवड मात्र पहिल्याच दिवशी "कोण दणकट दिसतं" यावर करू नये. महिनाभर वहीतल्या सरासऱ्या बघाव्यात, मग नावं द्यावीत.

स्वाध्याय

१) मुलीने तीन फेकी केल्या : १४ मी., ९ मी., १३ मी. सरासरी काढा.
२) ३०० फूट म्हणजे किती मीटर? त्यात कबड्डीची किती मैदानं बसतील?
३) एकच झाकण वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याच्या विरुद्ध फेका. कोणत्या वेळी ते जास्त उंच उचललं गेलं? का, ते आपल्या शब्दांत लिहा.