ज्ञानकोशातील नोंदीची पारख : अचूकता आणि तटस्थता

ज्ञानकोश हे स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याकडून सर्वाधिक हाताळले जाणारे आणि सर्वांत कमी तपासले जाणारे साधन होय. एखादे विधान ज्ञानकोशात आढळले की ते निर्विवाद आहे, असे गृहीत धरण्याची सवय जडते. वस्तुतः कोशातील प्रत्येक नोंद ही कोणीतरी, कोणत्यातरी साधनांवरून, विशिष्ट काळी केलेली मांडणी असते. ती दोन कसोट्यांवर पारखावी लागते. नोंदीतील तारखा, नावे, आकडे व घटनाक्रम पुराव्याशी जुळतात की नाही, हे पाहणे म्हणजे अचूकतेची तपासणी. मतभेदाच्या मुद्द्यांवर निरनिराळ्या पक्षांना त्यांच्या पुराव्याच्या प्रमाणात स्थान मिळाले आहे की नाही, हे पाहणे म्हणजे तटस्थतेची तपासणी. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. प्रत्येक वाक्य खरे असूनही नोंद एकांगी असू शकते.

मराठीपुरते बोलायचे तर या विषयाचा धागा रायपूरपर्यंत जातो. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कर्ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म 2 फेब्रुवारी 1884 रोजी रायपूर येथे, म्हणजे तत्कालीन मध्य प्रांतात झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून 1911 मध्ये डॉक्टरेट मिळवून परतल्यावर त्यांनी 1916 मध्ये नागपुरात ज्ञानकोशाच्या कामास प्रारंभ केला. पुढे ते पुण्यास नेले. कोणत्याही विद्यापीठाच्या वा सरकारच्या छत्राखाली नव्हे, तर मर्यादित जबाबदारीची कंपनी स्थापून, भागभांडवल व आगाऊ वर्गणीदार यांच्या बळावर 23 खंडांचा हा प्रकल्प तडीस गेला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने भांडवल-उभारणीचे उदाहरण म्हणूनही त्याकडे पाहण्यास हरकत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, या कोशाच्या नावातच ‘महाराष्ट्रीय’ हे विशेषण आहे. युरोपीय कोश जग युरोपातून पाहतात. मराठी वाचकासाठी ते येथून पाहिले पाहिजे, ही भूमिका त्यात उघड आहे. पहिले पाच खंड तर प्रस्तावनाखंडच असून त्यांत संपादकाचे स्वतःचे विवेचन विपुल आहे. उघडपणे सांगितलेला दृष्टिकोन वाचकाला सावध करतो. न सांगितलेला दृष्टिकोन अधिक फसवा असतो.

हे स्पष्ट होण्यासाठी परीक्षार्थीच्या नेहमीच्या अभ्यासाबाहेरचा विषय घेणे सोयीचे ठरेल, कारण तेथे पूर्वग्रह कमी असतात. अमेरिकेतील जॅझ संगीतावरील कोशनोंदीचा विचार करू. ‘जॅझचे पहिले ध्वनिमुद्रण 26 फेब्रुवारी 1917 रोजी न्यूयॉर्क येथे ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड या वाद्यवृंदाने केले,’ असे वाक्य अशा नोंदींत हमखास असते. ते सर्वसाधारणपणे मान्य आहे. परंतु या वृंदातील पाचही वादक गोरे होते, आणि जॅझ तर न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीय समाजात वाढलेले संगीत. बडी बोल्डन हा त्या समाजातील नामांकित कॉर्नेटवादक 1900 च्या सुमारास तेथे गाजत होता. त्याचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. किंग ऑलिव्हरच्या वृंदाची, तरुण लुई आर्मस्ट्राँगसह, ध्वनिमुद्रणे झाली ती 1923 मध्ये. तेव्हा ‘पहिले ध्वनिमुद्रण’ या खऱ्या विधानावरून ‘पहिले जॅझ’ असा निष्कर्ष वाचकाने काढावा, अशी रचना नोंदीत असेल तर ती अचूक असूनही तटस्थ नाही. ध्वनिमुद्रण कंपन्यांची दारे कोणासाठी आधी उघडली, हा बाजारपेठेतील प्रवेशाचा प्रश्न आहे. जे नोंदले गेले तेवढेच घडले, असे मानण्याची चूक राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांतून घरकामाचे श्रम गळतात तेव्हाही होते.

दावे आणि तथ्ये यांतील भेदही येथेच शिकता येतो. जेली रोल मॉर्टन या पियानोवादकाने 1902 मध्ये आपणच जॅझची निर्मिती केली, असे 1938 मध्ये जाहीरपणे म्हटले. उलटपक्षी डिक्सीलँड वृंदाचा निक लारोका कृष्णवर्णीयांचे श्रेयच नाकारत असे. चांगली नोंद ही दोन्ही विधाने त्या त्या व्यक्तीच्या नावावर घालते. स्वतःच्या आवाजात ती उच्चारत नाही. मात्र दोहोंना सारखी जागा देणे म्हणजे तटस्थता, अशी समजूत करून घेऊ नये. लारोकाच्या दाव्याविरुद्ध पुराव्याचे पारडे इतके जड आहे की, त्याचा उल्लेख इतिहासातील एक वाद म्हणूनच यावा. साधन जवळचे असले म्हणजे ते निःपक्षपाती असते, हेही खरे नव्हे. न्यू ऑर्लिन्सच्याच ‘टाइम्स-पिकायून’ या दैनिकाने 1918 च्या अग्रलेखात जॅझची संभावना हीन अभिरुचीचे लक्षण म्हणून केली होती.

आर्मस्ट्राँगच्या जन्मतारखेचे उदाहरण बोधप्रद आहे. आपला जन्म 4 जुलै 1900 रोजी झाला, असे तो आयुष्यभर सांगत राहिला व कोशांनीही तेच छापले. 1971 मध्ये त्याचे निधन झाल्यानंतर, 1980 च्या दशकात चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद हाती आली. तीत 4 ऑगस्ट 1901 ही तारीख होती. दहा कोशांत एकच तारीख आढळली तरी ते दहा पुरावे नव्हेत. मूळ एकच असेल तर पुरावाही एकच.

वगळलेल्या मजकुराची पारख सर्वांत अवघड. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे वृंद वाजवीत होते. गोव्याच्या वादकांनी ही शैली आत्मसात केली आणि ती हिंदी चित्रपटसंगीतात आणली. सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर यांच्या ‘अलबेला’ (1951) मधील संगीतात तिचा प्रत्यय येतो. चिक चॉकलेट या नावाने ख्यात असलेले गोमंतकीय ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ त्यांचे सहकारी होते. जागतिक जॅझवरील दोन पानी नोंदीत हा भाग नसणे समजण्यासारखे आहे. हिंदी चित्रपटसंगीतावरील नोंदीत तो नसणे मात्र गंभीर उणीव ठरेल, कारण श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येई आणि वाद्यमेळ रचणाऱ्याचे बहुधा गळत असे.

‘पहिला’ हा शब्द दिसताच थबकावे, हे रायपूरशी निगडित दुसऱ्या एका मराठी नावावरूनही ध्यानी येते. मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी जानेवारी 1900 मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. 1926 मध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले. याच मासिकात 1901 मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतील पहिली कथा म्हणून अनेक ठिकाणी नोंदलेली आढळते. परंतु किशोरीलाल गोस्वामी यांची ‘इंदुमती’ 1900 मधील, तर रामचंद्र शुक्ल यांची ‘ग्यारह वर्ष का समय’ 1903 मधील असून त्यांनाही हा मान देणारे समीक्षक आहेत. कथा कशाला म्हणावे आणि स्वतंत्र निर्मिती कोणती, यावर उत्तर बदलते. व्याख्या न देता क्रमांक देणारी नोंद अपुरीच समजावी.

आकडेवारीबाबत हीच सावधगिरी हवी. 2011 च्या जनगणनेत रायपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 40.6 लाख होती. 2012 मध्ये त्यातून बलौदाबाजार व गरियाबंद हे जिल्हे वेगळे झाले. जुनी लोकसंख्या आणि नवे क्षेत्रफळ एकाच तक्त्यात घेऊन घनता काढल्यास भागाकार बिनचूक आणि निष्कर्ष मात्र चुकीचा, अशी स्थिती होते. 1 नोव्हेंबर 2000 पूर्वीच्या मध्य प्रदेशाची तुलना नंतरच्या मध्य प्रदेशाशी करतानाही हाच धोका संभवतो.

नावांतील साम्यामुळे होणारी गफलत तर अधिकच सहज घडते. रायपूरचे महंत घासीदास स्मारक संग्रहालय 1875 मध्ये स्थापन झाले. त्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन 1953 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. त्याचे नाव राजनांदगाव संस्थानचे अधिपती महंत घासीदास यांच्यावरून आहे. गिरौदपुरीचे सतनाम पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास ही वेगळी व्यक्ती असून बिलासपूरच्या विद्यापीठाला नाव आहे ते त्यांचे.